मार्फत रणपिसे मॅडम

"माने, लिहा," एवढं म्हणून रणपिसे मॅडम चष्मा काढायच्या, डोळे मिटायच्या आणि पुढची चाळीस मिनिटं एकही वाक्य मागे न घेता निकाल सांगायच्या. मी कोर्टात लघुलेखक आहे. एकवीस वर्षांत नऊ न्यायाधीशांचं लिहून घेतलं. कुणी खाकरत सांगतं, कुणी फेऱ्या मारत. एक साहेब प्रत्येक परिच्छेदानंतर "कसं वाटलं?" असं विचारायचे आणि मला "छान" म्हणावं लागायचं. मॅडमनी माझं मत कधी विचारलं नाही. एकदा मीच आगाऊपणा करून म्हणालो, की आरोपी गरीब वाटतो बिचारा. त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "रेकॉर्डवर आहे का?"

कोर्ट कुठलं ते सांगत नाही. सांगली जिल्ह्यातलं एक तालुक्याचं कोर्ट, एवढं पुरे. मी अजून नोकरीत आहे आणि भित्रा माणूस आहे. पुढचं वाचल्यावर दोन्ही गोष्टी पटतील.

"रेकॉर्डवर आहे का?" हा त्यांचा प्रश्न आमच्या सगळ्या इमारतीत पसरला होता. शिपाई म्हणाला की आज वकील लोक संपावर जाणार म्हणे, तर मॅडमचा तोच प्रश्न. बाररूममध्ये आमटी अळणी झाली तरी वकील एकमेकांना तेच विचारायचे. मॅडमच्या कानावर ते गेलं असावं, कारण एकदा त्या बाररूमवरून जाताना आत हशा पिकला तेव्हा त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. तेवढंच. दुपारी चेंबरचं दार लावून त्या एकट्या डबा खायच्या, आणि कुणाला शिक्षा सुनावायची असेल त्या दिवशी डबा न उघडता घरी न्यायच्या. हे मला त्यांच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंकडून कळलं. म्हणजे रेकॉर्डवर नाही.

त्या मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या, कोरेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातल्या. बौद्ध कुटुंब. वडील लष्करात नाईक होते. त्यांची काळी पत्र्याची पेटी मॅडमकडे होती. जिथे जिथे बदली झाली त्या गावाचं नाव मॅडम पेटीच्या झाकणावर पांढऱ्या रंगानं लिहीत, वडील आपल्या छावण्यांची नावं लिहीत तसं. साताऱ्याला वकिलीचं शिक्षण, मग तिथेच सात वर्षं वकिली. ती सात वर्षं ज्या ज्येष्ठ वकिलांकडे काढली त्यांनी फायली वाहायला लावलं आणि तारखा घ्यायला लावलं, उलटतपासणीला एकदाही उभं केलं नाही. मग परीक्षा. पहिल्यांदा नापास, दुसऱ्यांदा पास. पहिली नेमणूक पार विदर्भाच्या टोकाला, नंतर मराठवाडा, नंतर कोकण, दर तीन वर्षांनी पेटी उचलायची. यजमान साताऱ्यात शिक्षक होते, त्यामुळे संसार सुट्टीच्या दिवसांपुरता. कोकणातून बढतीनं वरिष्ठ दिवाणी न्यायाधीश होऊन त्या आमच्याकडे आल्या.

न्यायाधीशाला स्वतःच्या जिल्ह्यात नेमणूक मिळत नाही. पण सांगली म्हणजे मॅडमच्या जिल्ह्याचा शेजार. घर दोन-अडीच तासांवर. आम्हाला वाटलं, बाई खूश असणार. उलट झालं. विदर्भात त्यांना कुणी ओळखत नव्हतं. इथे अर्ध्या तालुक्यात त्या कुणाच्या ना कुणाच्या नात्यातल्या निघत होत्या.

पहिल्याच महिन्यात त्यांचे थोरले बंधू भर कामाच्या दिवशी गुळाची ढेप काखेत मारून व्हरांड्यात येऊन उभे राहिले. मॅडम जेवणाच्या सुट्टीत बाहेर आल्या आणि तिथेच थबकल्या. त्यांच्या तोंडून गावची भाषा मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

"दादा, हितं येऊ नगंस म्हटलं हुतं न्हवं?"

"आगं, भण हाईस माझी."

"घरी हाय. हितं न्हाई."

बंधू ढेप घेऊन आल्या पावली परत गेले. मॅडम चेंबरमध्ये जाऊन बसल्या आणि शिपायाकडून खात्री करून घेतली, की त्या माणसाला बोलताना कुठल्या पक्षकारानं पाहिलं तर नाही.

पुढे याच बंधूंच्या मुलीचं लग्न आष्ट्याला निघालं. मॅडमनी पत्रिका आल्याबरोबर विचारलं, हॉल कुणाचा, पाहुणे कोण कोण. घरातल्यांना तो अपमान वाटला. तरी त्या गेल्या. विधी सुरू होता, वंदना चालली होती आणि पहिल्या रांगेत आमच्या कोर्टात दावा चालू असलेला एक माणूस बसला होता, मुलाकडून आलेला. मॅडमनी मागे उभं राहून विधी पुरा होऊ दिला, भाचीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पंगतीत न बसता निघाल्या. बंधू वर्षभर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी एका निकालाच्या मध्येच त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "भावाच्या घरातलं पहिलं लग्न होतं, माने. आणि मी एसटी स्टँडवर केळी खाल्ली." मग पुढचं वाक्य सांगायला लागल्या. मी ते केळ्यांचंही लघुलिपीत लिहून गेलो होतो, नंतर खोडलं.

सुरुवातीला मला वाटायचं, ताठ बाई आहे. हळूहळू कळलं की हा ताठपणा नव्हे, ही भीती आहे, आणि ती स्वतःपुरती नाही. एकदा कधी नव्हे ते मोकळेपणानं बोलल्या. गावातून न्यायाधीश झालेल्या त्या पहिल्या. त्यांच्या वस्तीतल्या तीन मुली आता वकिलीच्या शिक्षणाला होत्या. "माझ्याकडे एक बोट उठलं ना, तर त्या तिघींकडे उठेल," म्हणाल्या. वरून आलेलं लखोट्याचं टपाल त्या पट्टीनं उघडायच्या आणि पत्र शेवटाकडून वाचायच्या. आधी सही, मग शेवटची ओळ, मग वरचा मजकूर. वाईट काय असेल ते आधी कळावं म्हणून.

त्यात त्यांची पन्नाशी जवळ आली. बाहेरच्या लोकांना हे ठाऊक नसतं. पन्नाशीला प्रत्येक न्यायाधीशाची वर, उच्च न्यायालयात, तपासणी होते. निकाल किती दिले, कसे दिले, नाव स्वच्छ आहे का, सगळं पाहतात आणि ठरवतात, ठेवायचं की घरी पाठवायचं. बहुतेकांना ठेवतात. पण मॅडम बहुतेकांमध्ये स्वतःला कधी मोजत नसत. त्या वर्षी त्यांच्या टेबलावर कॅलेंडरचं पान उलटताना मीसुद्धा बघायचो.

अशा वेळी तो रस्त्याचा दावा आला.

कडेगावच्या बाजूचं गाव. दोन चुलतभावांची लागून शेतं. एकाचा ऊस उभा, तोडणीची टोळी दाराशी येऊन बसलेली, आणि ऊस बाहेर काढायचा रस्ता दुसऱ्यानं नांगरून टाकलेला. पहिला म्हणे, आजोबांपासूनची वहिवाट आहे. दुसरा म्हणे, रस्ता कधी नव्हताच. अशा वेळी कोर्ट एखाद्या वकिलाला पाहणीला पाठवून अहवाल मागवतं. मॅडमना दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघणं मान्य नव्हतं. त्यांनी जिल्ह्याहून सरकारी जीप मागवली आणि स्वतः निघाल्या. बरोबर मी आणि जीपचा ड्रायव्हर हणमंता. पाण्याची बाटली घरची. स्थळपाहणीला गेलं की कुठल्याही बाजूचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा त्यांचा दंडक होता, आणि तो निघण्याआधी जीपमध्ये आम्हाला दरवेळी नव्यानं सांगायच्या.

ऊन मी म्हणत होतं. मॅडम पदर खोचून ढेकळांतून चालल्या. दोन्हीकडचे वकील धापा टाकत मागे. नांगरलेल्या पट्ट्यात एके ठिकाणी खाली जुनी खडी लागली तेव्हा त्यांनी ती स्वतः उकरून पाहिली आणि मला लिहायला सांगितलं. दोन तासांनी काम संपलं. त्या म्हणाल्या, "माने, तुम्ही दोघं जीप वळवून डांबरीवर आणा. मी बांधाबांधानं चालत येते."

जीप वळायला जागा एकच होती, दावा लावणाऱ्याच्या अंगणात. हणमंतानं जीप अंगणात घेतली आणि घरातून एक म्हातारी बाहेर आली. तिच्या हातात चहाचे दोन कप आधीच भरलेले होते. मी नको म्हणालो. ती म्हणाली, "आवं, उनाचं आलायसा. चा न्हाई म्हणू ने." आणि कप माझ्या हातातच दिला. मी पडवीत खांबाला टेकून तो प्यायलो. दोन मिनिटं. आलं घातलेला, लय चांगला चहा होता. हे सांगायला मला लाज वाटते, पण चव आठवते.

डांबरीवर मॅडम जीपमध्ये बसल्या. छत्री विसरली नाही ना असं विचारावं तशा सहज म्हणाल्या, "कुणाकडे काही घेतलं नाही ना?"

"नाही, मॅडम."

हणमंतानं आरशात माझ्याकडे पाहिलं आणि गिअर टाकला.

दुसऱ्या दिवशी पाहणीचं टिपण. चष्मा काढला, डोळे मिटले. खडी आली, बांध आला, झाडं आली. शेवटी त्या म्हणाल्या, "पाहणीच्या वेळी मी किंवा माझ्या कर्मचाऱ्यांनी कोणत्याही पक्षकाराचा कसलाही पाहुणचार स्वीकारला नाही." माझी पेन्सिल थांबली. तेव्हा बोललो असतो तर काय झालं असतं? रागावल्या असत्या, वाक्य बदललं असतं, संपलं असतं. पण काल नाही म्हणालो होतो, आणि नाहीचं हो करायला जी छाती लागते ती मला नाही. "झालं?" त्यांनी विचारलं. "झालं, मॅडम," मी म्हणालो. टिपण टाइप केलं. त्यांनी सही केली. रेकॉर्डवर आलं.

मनाई हुकूम निघाला. रस्ता मोकळा झाला, ऊस गेला. निकाल बरोबरच होता, तो पुढे अपिलातही टिकला. पण तीन आठवड्यांनी वरून लखोटा आला. हरलेल्या बाजूनं तक्रार केली होती, की न्यायाधीशबाई वादीच्या घरी जाऊन चहापाणी करून आल्या आणि टिपणात खोटं लिहिलं. सोबत मोबाइलवर काढलेला फोटो. अंगणात पाटी लावलेली सरकारी जीप, आणि पडवीच्या खांबाआडून पुढे आलेले दोन हात. एकात कप. चेहरा नाही. मॅडम जीपच्या आसपास कुठेच नाहीत, पण नाहीत हे फोटोत कसं दिसणार?

फोटोतल्या माणसाच्या उजव्या मनगटावर घड्याळ होतं. मी डावखुरा. आमच्या कोर्टात उजव्या हातात घड्याळ बांधणारा मी एकटाच.

हा फोटो मला तेव्हा दिसला नव्हता. मला फक्त एवढं दिसलं, की मॅडमनी पट्टीनं लखोटा उघडला, शेवटाकडून वाचला आणि बराच वेळ पान उलटलंच नाही. मग म्हणाल्या, "माने, आज तुमचं काम नाही. कोरे ताव पाठवून द्या." ज्या बाई साध्या किरकोळ रजेचा अर्जसुद्धा मला सांगून लिहवायच्या, त्या दोन दिवस दार लावून हातानं लिहीत बसल्या. मला न सांगता लिहिण्यासारखं या बाईंकडे एकच काय असू शकतं, हे मला कळत होतं. आमच्या कोर्टाच्या अधीक्षकांनी तो खुलासा जावक करताना वाचला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं. त्यात फोटोचं वर्णन होतं. माझं नाव नव्हतं. मजकूर असा होता, की त्या स्वतः त्या घरी गेल्या नाहीत; टिपणातलं विधान त्यांनी पुरेशी शहानिशा न करता केलं; जबाबदारी सर्वस्वी त्यांची.

हणमंता त्याच आठवड्यात भेटला. म्हणाला, "माने सायेब, माझं नाव घेऊ नगा बगा. कंत्राटी माणूस हाय मी. उद्या येऊ नगंस म्हणलं की संपलं." मी कुणाचंच नाव घेत नव्हतो.

चार रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. पाचव्या दिवशी मी लिहायला बसलो. चहा मी प्यायलो, मॅडमना खोटं मी सांगितलं, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. प्रधान जिल्हा न्यायाधीशांच्या नावे अर्ज. आणि आमच्याकडे कर्मचाऱ्याचा कुठलाही कागद वर जायचा तर तो आपल्या न्यायाधीशांमार्फतच जातो, त्यांचा शेरा आणि सही होऊन. वीस वर्षांच्या सवयीनं मी खाली लिहिलं, मार्फत: आणि मॅडमचा हुद्दा. तेव्हा त्यात काही वावगं आहे हे डोक्यातच आलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो शेवटाकडून वाचला. सही, मग मार्फत, मग वर. वाचून झाल्यावर तो टेबलावर ठेवला.

"हे पुढे गेलं तर मी सुटेन, माने."

"म्हणूनच आणलंय, मॅडम."

"म्हणूनच मला यावर सही करता येत नाही. माझ्याच प्रकरणात, माझ्याच फायद्याचा कागद, माझ्याच शेऱ्यानं? उद्या म्हणतील बाईनं कर्मचाऱ्याकडून लिहून घेतलं. आणि म्हटलं नाही तरी ते बरोबर नाही. मार्फत खोडा. थेट पाठवा."

मी विचारलं, "पाठवू का, मॅडम?" खरं तर ते मी विचारायला नको होतं.

"ते मला विचारू नका. मी नको म्हणाले तर तुम्हाला बरं वाटेल, हो म्हणाले तर मला." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. मी दारापाशी पोचलो तेव्हा मागून म्हणाल्या, "जीपमध्ये मी दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं. तुम्ही उत्तर फार लवकर दिलंत. साक्षीदार असता तर माझ्या लक्षात आलं असतं."

मी अर्ज नव्यानं लिहिला, मार्फत न लिहिता. आणि पिशवीत ठेवला. कारणं चिक्कार होती. मुलीचा नर्सिंगचा प्रवेश व्हायचा होता. माझी बढती यायची होती. खातेनिहाय चौकशी लागली की माणूस वर्षानुवर्षं लोंबकळतो, हे मी पाहिलं होतं. एकदा सांगलीला टपाल कचेरीपर्यंत गेलो, रांगेत उभा राहिलो, नंबर आला आणि दोन कोरी पाकिटं विकत घेऊन परतलो. स्वतःला सांगत होतो, बाईंचं एवढं स्वच्छ नाव, एका फोटोनं काय होणार? मॅडमनी पुन्हा कधी विषय काढला नाही. "माने, लिहा," म्हणायच्या, डोळे मिटायच्या. मी लिहायचो. टपालवाला आला की दोघंही थांबायचो.

तो दिवस आला तेव्हा पिंजऱ्यात एक तलाठी साक्ष देत होता. अधीक्षक स्वतः वर डायसवर लखोटा घेऊन आले. मॅडमनी पट्टी शोधली नाही, बोटानंच फाडला. शेवटाकडून वाचला. पन्नाशीनंतर त्यांना सेवेत ठेवलेलं नव्हतं, आणि हुकूम त्याच दिवसापासून लागू होता. साक्षीदार वाट पाहत होता. मॅडम मला म्हणाल्या, "माने, इथेच थांबवा." आवाज नेहमीचाच. अर्ध्या वाक्यावर तुटलेल्या त्या साक्षीवर त्यांनी सही केली नाही. आता तो अधिकार नाही, म्हणाल्या. उठल्या, वकिलांना नमस्कार केला आणि चेंबरमध्ये गेल्या. संध्याकाळी माझ्या पिशवीतल्या अर्जाला मी हात लावून पाहिला. आता पाठवून काय होणार, हे कारण मला तेवढ्यात सापडलंसुद्धा.

पुढच्या वर्षी संगणकाच्या प्रशिक्षणाला मला साताऱ्याला पाठवलं. दुपारच्या वेळात जिल्हा कोर्टाच्या व्हरांड्यातून चाललो होतो. एका दारापाशी वकिलांचा घोळका आपापल्या पुकाऱ्याची वाट बघत उभा होता, आणि त्यात काळा कोट, गळ्यात वकिलांची पांढरी बँड घातलेल्या रणपिसे मॅडम होत्या. काखेत तीन फायली. स्वतःच्या जिल्ह्यात त्या कधी न्यायासनावर बसलेल्या नव्हत्या, त्यामुळे इथे वकिलीला आडकाठी नव्हती. वीसेक वर्षांपूर्वी जिथून निघाल्या तिथेच परत, विशी-पंचविशीतल्या पोरांच्या रांगेत.

पळून जावं असं वाटलं. पण त्यांनी मला पाहिलं होतं.

"माने. मुलगी काय करते?"

"दुसऱ्या वर्षाला आहे, मॅडम."

"छान." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांचे केस बरेच पांढरे झाले होते. मी म्हणालो, "मॅडम, तो अर्ज मी त्या वेळी..." पुढे काय म्हणणार होतो देव जाणे. बहुधा पाठवला होता, असंच म्हणणार होतो.

"पाठवला असतात तर त्याची प्रत मला आली असती, माने."

रागानं नव्हे. फायलीतला एखादा मुद्दा दाखवावा तसं म्हणाल्या. एवढ्यात आतून त्यांच्या प्रकरणाचा पुकारा झाला. बँड सारखी करत त्या घाईनं आत गेल्या. दारातून मला दिसलं, वर बसलेला न्यायाधीश त्यांच्याहून वीस वर्षांनी तरी लहान असेल. मॅडम त्याच्यापुढे वाकल्या, नियमाप्रमाणे, पूर्ण.